घरी बनवलेली जुनी गळाची काठी: पॉलिश आणि दोरा नव्याने करताना पडणारे प्रश्न

मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा. या नद्यांच्या काठच्या बहुतेक गावांत एखाद्या माळ्यावर वडिलांनी नाहीतर आजोबांनी केलेली गळाची काठी पडून असते. कुणाची साधी कळकाची, कुणाची फायबरची आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ओवायला घरी वाकवलेल्या कड्या बसवलेली. कड्या बांधणारा दोरा सुटलाय, वार्निश पिवळं पडून सोलतंय, पण काठी टाकवत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी भागातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काठी जुनी झाली आहे. वरून नुसतं वार्निश मारलं तर चालणार नाही का?

दोरा खाली घट्ट असेल तर चालतं. ते आधी तपासा. प्रत्येक कडी अंगठ्याने हलकेच ढकलून बघा. मग काठी कानाजवळ धरून सावकाश वाकवा. दोऱ्याखालून बारीक 'टक्' आवाज आला, तर कडीचा पाय, म्हणजे दोऱ्याखाली बांधलेला तिचा भाग, आत सैल झाला आहे. कडीच्या पायाच्या टोकाशी वार्निशावर पांढरी रेघ दिसत असेल तर तिथून पाणी आत जातंय. असा दोरा काढायलाच हवा. वरून मारलेलं वार्निश ती रेघ झाकेल, आतला ओलावा मात्र तिथेच राहील.

२. नव्याने करायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं आणि काय ठेवायचं?

दोरा, वार्निश आणि झिजलेल्या कड्या बदलण्यासाठीच असतात. त्या खर्ची पडायच्याच वस्तू आहेत. काठीचं अंग, जोड, मुठीची घडण आणि कड्यांमधलं अंतर हे बनवणाऱ्याचं काम आहे. ते एकदा तासलं, कापलं की परत मिळत नाही. शंका आली की कमी काढा, हा या पानावरच्या सगळ्या उत्तरांचा पाया आहे.

पहिला दोरा कापण्याआधी काठी अंगणात आडवी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कागदाची लांब पट्टी शेजारी ठेवून प्रत्येक कडीची जागा, दोऱ्याची लांबी आणि रंग त्यावर पेन्सिलीने उतरवा. ही पट्टी जपा. पुढे प्रत्येक पायरीला ती लागते.

३. आमची काठी कशाची आहे तेच कळत नाही. कसं ओळखायचं?

पेरं दिसत असतील तर बांबू. आपल्या भागात जाड, आतून पोकळ तो बहुधा कळक. बारीक, जवळजवळ भरीव आणि हाताला जड लागतो तो चिवा किंवा मेस. पेरं नसतील तर मुठीच्या टोकाला, जिथे दिसणार नाही अशा जागी बारीक वॉटर पेपर दोन वेळा फिरवा. भुकटी पांढरट किंवा पिवळसर निघाली तर फायबर, काळी कुळकुळीत निघाली तर कार्बन. कार्बनच्या काठीसाठी प्रश्न १८ न चुकता वाचा.

४. हे काम कोणत्या महिन्यात करावं?

जून ते सप्टेंबर नको. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात वार्निश दिवसेंदिवस चिकट राहतं आणि इपॉक्सीवर (दोन भाग मिसळून लावायच्या रेझीनवर) तेलकट, धुरकट साय धरते. बांबूही हवेतला ओलावा ओढून फुगलेला असतो. त्यावर वार्निश मारलं की ओलावा आत कोंडतो. दिवाळीच्या आसपासची कोरडी हवा सगळ्यात बरी. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची थंडी इपॉक्सीला मानवत नाही, काम खोलीत करा आणि वाळायला दुप्पट वेळ धरा. मार्च कोरडा असतो पण धूळ फार. एप्रिल-मेमध्ये वळीव कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा ओली काठी अंगणात ठेवून बाहेरगावी जाऊ नका.

दोरा गुंडाळायचं काम एखाद्या दुपारी उरकतं. वेळ खातं ते वाळणं. वार्निशचे चार-पाच हात, दोन हातांमध्ये एक पूर्ण दिवस आणि शेवटच्या हातानंतर निदान आठवडाभर काठीला हात लावायचा नाही.

५. जुना दोरा कसा काढू? ब्लेडने काठीला चीर पडायची भीती वाटते.

भीती रास्त आहे. आडवी चीर पडली तर काठी पुढे नेमकी तिथेच मोडते. त्यामुळे ब्लेड काठीवर चालवायचंच नाही, कडीच्या पायावर चालवायचं. खाली धातू असतो, ब्लेड त्यावर अडतं. पात्याची धार पायाच्या लांबीच्या दिशेने, जवळजवळ आडवी धरा आणि दोऱ्याचा वरचा थर सोलल्यासारखा काढा. चार-सहा वेढे तुटले की टोक हाताला लागतं, मग बाकीचा दोरा ओढून उलगडत येतो.

इपॉक्सीत बसलेला दोरा असा उलगडत नाही. त्याला केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा द्या, इपॉक्सी चामड्यासारखी मऊ होते आणि नखाने सोलता येते. मेणबत्ती किंवा लायटर लावू नका. फायबरचं रेझीन आणि बांबूची साल दोन्ही जळतात, आणि वरून ते लगेच दिसतही नाही.

६. जुनं वार्निश पॉलिश पेपरने घासून काढलं तर?

बांबूवर हे जपून करा. बांबूचे सगळ्यात चिवट तंतू सालीलगत दाट असतात आणि आत जाल तसे विरळ होतात. रंगकामाच्या जाड पेपरने घासत बसलात तर काठीचा जोरच घासून टाकाल. रेझर ब्लेड काठीला काटकोनात उभं धरून हलकेच ओढा, वार्निश पापुद्र्यांनी निघतं. उरलेलं ४०० नंबरच्या पेपरने, लांबीच्या दिशेने. पिवळी चकचकीत साल दिसली की थांबा. पेरांवरचा उंचवटाही मूळ कारागिराने जेवढा ठेवला असेल तेवढाच राहू द्या.

फायबरवर ४०० किंवा ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासकट चालतो. भुकटी कोरडी उडू देऊ नका, नाकाला फडकं बांधा. रंग काढायचं रासायनिक रिमूव्हर फायबर-कार्बनवर नको, ते वार्निशसोबत रेझीनही खातं.

७. जुन्या कड्या वडिलांनी तारेच्या वाकवून केल्या आहेत. ठेवू की बदलू?

कापसाचा बोळा घ्या आणि प्रत्येक कडीतून आतल्या कडेला घासत ओढा. कापसाचा एकही तंतू अडकला नाही तर कडी चांगली आहे. तंतू अडकला तर तिथे तंगूसने घासून खाच पाडलेली असते, आणि ती खाच पुढे तंगूसलाच कापते. पितळी तारेच्या कड्यांत ही खाच लवकर पडते. सायकलच्या स्पोकच्या कड्या टिकाऊ असतात, पण मुलामा गेला की गंजतात.

वरवरचा गंज बारीक स्टील वूलने निघतो. बारीक खाच असेल तर ८०० नंबरच्या वॉटर पेपरची सुरळी आतून फिरवा. खोल खाच असलेली कडी काठीवरून काढा, पण फेकू नका. स्टेनलेस स्टीलच्या तारेची तशीच नवी वाकवताना तीच नमुना म्हणून लागते. दुकानातली कडी मापाने बसते, ती लावण्यात काही गैर नाही. मात्र सगळ्या धड कड्या काढून नव्या बसवण्यात मला अर्थ दिसत नाही.

जुनी असो की नवी, प्रत्येक कडीच्या पायाचं टोक कानशीने उतरतं करा. टोक कागदाइतकं पातळ झालं की दोरा त्यावर पायरी न घेता चढतो. खालची बाजूही बोटाने चाचपा. तिथे राहिलेली बारीक धार काठी वाकेल तेव्हा दरवेळी अंगात रुतते, आणि काठ्या कडीपाशी मोडतात त्याचं हे मोठं कारण आहे.

८. दोरा कोणता वापरू? शिलाईचा चालेल का?

चालेल, पण सगळा नाही. साधा सुती शिलाई दोरा लवदार असतो, वार्निशखाली त्याचे केस उभे राहतात. पॉलिएस्टरचा बारीक, गुळगुळीत दोरा बरा. भरतकामाचा चमकदार रेयॉन दिसायला देखणा, पण ओला झाला की त्याचा जोर बराच कमी होतो. त्याची एखादी रेघ शोभेला घ्या, कडी त्यावर बांधू नका. रॉडसाठीचा खास नायलॉन दोरा ऑनलाइन मिळतो. त्यात 'ए' मापाचा बारीक दोरा आपल्या नदीच्या काठीला पुरतो, 'डी' मापाचा जाड, तो अवजड काठीला.

बांबूच्या काठीला मात्र मी रेशीमच सांगेन. शहापूर-वडगावच्या विणकरांचं गाव जवळ असताना लांबून मागवायची गरज नाही. मागताना पीळ दिलेलं, बारीक रेशीम मागा. बिनपिळाचं रेशीम गुंडाळताना चपटं होऊन पसरतं. रेशीम पातळ असूनही चिवट असतं, बांबूवर छान बसतं आणि वार्निश पिऊन घेतं.

वार्निश प्यायल्यावर रंग बदलतो हे लक्षात ठेवा. लाल गडद होऊन तपकिरीकडे झुकतो, पिवळा मधासारखा होतो, पांढरं रेशीम जवळजवळ पारदर्शक होऊन खालचा कडीचा पाय दिसू लागतो. नायलॉनही इपॉक्सीखाली गडद होतो. रंग आहे तसाच हवा असेल तर आधी रंग राखणाऱ्या पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक द्रावाचे दोन हात द्यावे लागतात. त्याने वार्निश दोऱ्यात मुरत नाही आणि पकड थोडी कमी होते. माझ्या मते गडद झालेला रंगच जुन्या काठीला शोभतो. काहीही ठरवण्याआधी टाकाऊ कामटीवर इंचभर दोरा गुंडाळून त्यावर वार्निश लावून बघा.

९. दोरा गुंडाळायची नेमकी पद्धत सांगा. गाठ कुठे मारायची?

गाठ कुठेच मारायची नाही.

आधी कडी जागेवर ठेवून तिचा एक पाय कागदी टेपच्या पट्टीने काठीला चिकटवा. काठी दोन खोक्यांना पाडलेल्या खाचांत आडवी ठेवा. दोऱ्याचं रीळ वाटीत सोडा आणि दोरा एका जाड पुस्तकाच्या पानांतून काढून घ्या. पुस्तकावर ठेवलेलं वजन कमी-जास्त केलं की दोऱ्याचा ताण ठरतो. काठी तुमच्याकडे फिरवायची, दोरा आपसूक येतो.

कडीच्या पायाच्या टोकापासून ३-४ मिलिमीटर अलीकडे सुरुवात करा. दोऱ्याचं मोकळं टोक काठीवर ठेवून त्यावरूनच दोरा नेऊन पाच-सहा वेढे द्या. टोक वेढ्यांखाली दाबलं गेलं की उरलेलं कापा. पुढे प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून बसला पाहिजे. फट राहिली तर नखाने मागे सारा. पायाच्या उतारावर चढताना दोरा घसरतो, तिथे ताण किंचित वाढवून अगदी सावकाश फिरवा.

शेवटाला सात-आठ वेढे उरले की तंगूसचा दुहेरी फासा काठीवर आडवा ठेवा, फाशाचं तोंड पुढच्या दिशेला. राहिलेले वेढे त्यावरून गुंडाळा. दोरा अंगठ्याने दाबून धरून कापा, टोक फाशात ओवा आणि फाशाची दोन्ही टोकं एका दमात ओढा. दोऱ्याचं टोक वेढ्यांखालून बाहेर येतं. ते घट्ट ओढून नव्या ब्लेडने अगदी मुळाशी कापा. नंतर चमच्याच्या दांड्याची गुळगुळीत पाठ वेढ्यांवरून फिरवली की बारीक फटी मिटतात.

ताण किती असावा? गुंडाळून झाल्यावर अंगठ्याने जोर दिला तर कडी केसभर सरकायला हवी. याचा फायदा असा की सगळ्या कड्या बांधून झाल्यावर मुठीकडून एक डोळा मिटून पाहत त्या एका रेषेत आणता येतात. अजिबात न हलणारी कडी म्हणजे फार आवळलेला दोरा. पोकळ फायबरला तो पिचवू शकतो.

१०. वार्निश, फ्रेंच पॉलिश, जवसाचं तेल की इपॉक्सी?

सुताराकडचं स्पिरिट-लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण पाणी लागलं की पांढरं पडतं. पाण्यावरच्या वस्तूला ते शेवटचा थर म्हणून नको. जवसाचं कच्चं तेल फार दिवस चिकट राहतं. उकळलेलं तेल, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं ते, कळकाच्या साध्या काठीला पुरेसं आहे. फडक्याने पातळ चोळा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या. ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

बांबू आणि रेशमाला बाहेरच्या लाकूडकामाचं वार्निश मला सगळ्यात योग्य वाटतं. पहिला हात टर्पेंटाइन घालून चांगला पातळ करा, तो दोऱ्यात मुरायला हवा. पुढचे हात थोडे दाट. प्रत्येक हात वाळला की ६०० नंबरचा वॉटर पेपर हलकेच. फक्त पहिले दोन हात वाळल्यावर दोऱ्यावर पेपर लावू नका, केस उठतात.

फायबर-कार्बनवर नायलॉन दोरा असेल तर रॉडसाठीची दोन भागांची इपॉक्सी बरी, तिचं पुढच्या प्रश्नात. पाच मिनिटांत धरणारा घरगुती डिंक यासाठी वापरू नका, तो दाट असतो, बुडबुडे धरतो आणि पिवळा पडतो.

११. इपॉक्सी एका बाजूला ओघळून थेंब लोंबतो. काय चुकतं?

फिरवणं कमी पडतं. इपॉक्सी घट्ट होईपर्यंत काठी फिरत राहिली पाहिजे. हाताने करायचं तर पहिले दोन तास दर पाच मिनिटांनी अर्धा वेढा. भंगारातल्या मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर मिनिटाला पाच-सहा वेढे फिरते, तीही जमते. मात्र तिच्यावरचं व्होल्टचं लेबल वाचा, सगळ्या २३० व्होल्टच्या नसतात.

दोन्ही भाग सुई नसलेल्या वेगवेगळ्या सिरिंजने मोजा. अंदाजाने ओतलेली इपॉक्सी कायम चिकट राहते. हातमोजे घाला, कच्च्या इपॉक्सीची कातडीला कायमची अ‍ॅलर्जी लागू शकते.

१२. टोकाची कडी कशाने चिकटवू?

लाखेने, किंवा गरम करून लावायच्या ग्लू स्टिकने. दोन्ही तापवल्यावर सुटतात, म्हणून वापरायच्या. टोकाची कडी सगळ्यात आधी झिजते आणि पुन्हा बदलावी लागते. इपॉक्सीने बसवलेली कडी काढताना टोकच मोडतं. लाख तुकड्याला थेट ज्योत न लावता कडीच्या नळीत गरम करा, मग काठीवर चढवून इतर कड्यांच्या रेषेत फिरवा.

१३. दोन तुकड्यांचा पितळी जोड अडकला आहे, निघतच नाही.

पिळू नका. पिळल्याने जोडाच्या तोंडाशी बांबू चिरतो. आतल्या तुकड्याच्या बाजूला बर्फ धरा, बाहेरची पितळी नळी गरम पाण्याच्या फडक्याने शेका, आणि दोघांनी समोरासमोर उभं राहून सरळ ओढा. पुढे अडकू नये म्हणून जोडाला थोडं मेण. सैल जोडालाही मेणच.

१४. आमची नुसती कळकाची काठी आहे, कड्या नाहीत, तंगूस टोकाला बांधतो. मला यातलं काय लागू?

प्रश्न ४, ६ आणि १०. शिवाय तंगूस फक्त टोकाला बांधू नका. टोकाला एक वळण देऊन ती काठीच्या अंगाने खाली आणा आणि दोन-तीन ठिकाणी दोऱ्याने बांधत मुठीपर्यंत न्या. मरळ किंवा मोठ्या कटल्याने टोक मोडलं तरी मासा हातात राहतो. टोकाच्या शेवटच्या वीतभर भागावर प्रश्न ९ प्रमाणे दोरा गुंडाळलात तर ते सहजी चिरणार नाही.

१५. काठी एका बाजूला वाकली आहे. सरळ होईल?

बांबूची होते. जुनं वार्निश काढल्यावर, नव्या आधी. निखाऱ्यांवर हातभर उंचीवर, वाकलेली जागा फिरवत गरम करा. सालीवर चकाकी येते आणि हाताला काठी ऐकू लागते. तेव्हा उलट बाजूला थोडी जास्त वाकवून गार होईपर्यंत तशीच धरा. पोकळ कळकाची पेरं गरम करताना सावध राहा, आतली हवा तापून पेर फुटू शकतं. थोडाच बाक असेल तर तापवूही नका, कड्या विरुद्ध बाजूला बांधा. मासा ओढेल तेव्हा काठी त्या बाजूला खेचली जाते.

१६. काठीतून पिठासारखा भुगा पडतो.

आत भुंगा आहे. नुसतं वार्निश मारून छिद्रं बुजवली तर तो आत खातच राहतो. वार्निश पूर्ण काढा, बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं कोमट द्रावण सिरिंजने छिद्रांत भरा, काठी सावलीत दोन आठवडे वाळू द्या, मग छिद्रं बुजवा. छिद्रं टोकाच्या तिसऱ्या भागात असतील तर तेवढा तुकडा बदला, तो जोर घेणार नाही.

नवा बांबू तीन वर्षांचा तरी जून असावा. कोवळ्यात पाणी जास्त असतं, आणि भुंगा बांबूतल्या पिष्टावर येतो. बांधावरचा घ्या. जंगलातला परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि भीमगड अभयारण्यात तर मुळीच नाही.

१७. वडिलांनी मुठीजवळ बॉलपेनने नाव आणि साल लिहिलं आहे. ते जाईल का?

निष्काळजीपणे कराल तर जाईल. तेवढा भाग सोडूनच काम करा. नावाच्या दोन्ही बाजूंना टेप लावा, तिथलं जुनं वार्निश तसंच राहू द्या आणि नव्या-जुन्याची कड ८०० च्या पेपरने मिटवा. तिथलंही वार्निश सोलत असेल तर सुटे पापुद्रे चिमट्याने उचला, घासू नका. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते, टर्पेंटाइनवाल्या वार्निशमध्येही पसरू शकते. म्हणून उघड्या शाईवर आधी पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक वार्निशचा अगदी पातळ हात ब्रश न घासता टेकवत द्या, पूर्ण वाळू द्या, मग नेहमीचं वार्निश. आधी बांबूच्या तुकड्यावर तशाच पेनने लिहून हे करून बघा.

१८. बांबूच्या काठीला मोडलेल्या कार्बन रॉडचं टोक जोडलं आहे. काही वेगळं करावं लागेल?

जोडावर दोरा जरा लांब गुंडाळा, आतल्या तुकड्याच्या टोकापुढेही तीन बोटं. कडक आणि लवचिक भाग भेटतात तिथे सगळा ताण येतो. कार्बनचा भाग अजिबात तासू नका, त्याची भिंत फार पातळ असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कार्बनमधून वीज वाहते, ओल्या बांबूतूनही वाहते, आणि कितीही वार्निश चढवलं तरी ते संरक्षण नव्हे. नदीकाठच्या शेतीपंपांच्या तारा उसाच्या फडावरून खाली झोळ घेऊन गेलेल्या असतात. अशा तारांखालून जाताना काठी जोडलेली आणि उभी धरून चालू नका. जोड उघडून तुकडे आडवे न्या, आणि ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हा.